कुळागरातले पाणी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने शेतीवर बोलावे, हे काहींना विषयांतर वाटेल. परंतु गेल्या एप्रिलअखेर सांगे तालुक्यात, नेत्रावळीच्या बाजूला, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कुळागरात मी चार दिवस राहून आलो आणि तेव्हापासून दुसरा विषय सुचेनासा झाला आहे.

कुळागर आपणांपैकी बहुतेकांना नवे नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या उतारावर, जिथे बारमाही झर फुटतो, तिथे ते वसते. वर माड आणि पोफळी, पोफळीच्या खोडावर मिरवेल, मधल्या सावलीत जायफळ व केळी, तळाशी अननस, आले, हळद. झराचे पाणी तळीत साठते आणि पाटाने उतरत एकेका आळ्याला पोचते. गळलेली झावळी जाळीत नाहीत, ती बुंध्याशीच कुजते. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही जांभ्याची जमीन पाणी फार काळ धरीत नाही. डोंगरावरचे रान तुटले की खालचा झर उन्हाळ्यात आटू लागतो. म्हणून माझा विद्यार्थी बागेइतकीच वरच्या रानाची राखण करतो.

अशा शेतीला हल्ली ‘पुनरुज्जीवक शेती’ म्हणतात. अमेरिकेतील रोडेल संस्थेने १९८० च्या दशकात हा शब्द रूढ केला. आमच्या पूर्वजांना हे सारे आधीच ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह मला झाला होता. विद्यार्थ्यानेच तो मोडला. पावसाळ्यात पोफळीवर कोळेरोग पडतो आणि कोवळी फळे गळतात. त्यावर बोर्डो मिश्रण फवारतात : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. सेंद्रिय शेतीतही त्याला मर्यादित मुभा असते, पण तांबे मातीत साठत जाते. “सर, पाहुण्यांना मी हेही सांगतो. काहींचा हिरमोड होतो,” तो म्हणाला. पाहुण्यासमोर शेताचा दोष मांडणारा यजमान मी प्रथमच पाहिला.

घरामागे त्याने तीन खोल्या बांधल्या आहेत. पाहुणे येतात, सोलकढीसह जेवतात, विरीच्या पानांवर जेवल्याचे कौतुक करतात, आणि पाडेली एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरीवर जातो ते श्वास रोखून पाहतात. त्या पाडेल्याची मजुरी आता सुपारीपेक्षा खोल्यांच्या उत्पन्नातून निघते. पाडेली मिळणेही कठीण झाले आहे. त्याची मुले झाडावर चढत नाहीत, आणि त्यात त्यांचे काय चुकले?

खोल्या मात्र १५ एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत बंद असतात. नेमक्या शाळांच्या सुटीत, मागणी सर्वाधिक असताना! झर त्या वेळी बारीक होतो आणि पाणी पोफळींनाच पुरवावे लागते. मला गुरू म्हणून अपवादाने घेतले होते. मी मात्र शहरी सवयीने दोन वेळा नळ सोडून स्नान करीत होतो. तिसऱ्या दिवशी विद्यार्थ्याच्या मातोश्री संकोचाने म्हणाल्या, “सर, आज बादलीने घ्याल का? खालच्या पोफळींची पाळी आहे.” आयुष्यभर शब्दांचे अर्थ शिकविले; ‘पाळी’ या शब्दाचा हा अर्थ मला सत्तरी उलटल्यावर, पंचा खांद्यावर असताना कळला.

त्या रात्री पडवीत बापलेकांचा वाद ऐकला. मुलगा शिकून परतला आहे. कूपनलिका खोदावी, मे महिन्यातही खोल्या चालवाव्यात, असा त्याचा आग्रह. वडिलांना भीती, की कूपनलिका झराचेच पाणी ओढील. मुलाचा हिशेब चुकीचा नव्हता. त्या दोन महिन्यांचे उत्पन्न आले नाही, तर त्याला येथे राहणे परवडणार नाही. आणि तो गेला, तर रान राखणार कोण? दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोलू शकलो नाही.

जूनमध्ये विद्यार्थ्याचा फोन आला. झर आटला नव्हता. कूपनलिकेचे दिवाळीनंतर पाहू, असे ठरले आहे. तोवर मुलगा घरी आहे.