घाटाखालचा समुद्र

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला "परदेशातले अनुभव" असा विषय दिला होता. मी परदेशापासूनच सुरुवात करते, पण तिथे फार वेळ थांबणार नाही. पाच मिनिटांत आजऱ्याला पोचेन.

काही वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी मी माल्टाला गेले होते. भूमध्य समुद्रातलं हे बेट जेमतेम सत्तावीस किलोमीटर लांब. म्हणजे आपल्या नेसरीहून निघून गडहिंग्लज गाठलं की जवळपास बेट संपलं. त्यात वॅलेटा नावाचं तटबंदीचं शहर आहे, १५६६ साली पायाभरणी झालेलं. मधाच्या रंगाचा दगड, अरुंद गल्ल्या, आणि कुठल्याही गल्लीच्या टोकाला निळं पाणी. मार्सश्लोक नावाच्या गावात होड्यांच्या नाळेवर दोन डोळे रंगवलेले असतात. रविवारी आमच्यातल्या एका माल्टीज सहकाऱ्याने ते सगळं हौसेनं फिरवून दाखवलं. जेवताना त्याने सहज विचारलं, "तुझ्या गावाहून समुद्र किती लांब?"

मी म्हटलं, "शंभर-सव्वाशे किलोमीटर."

तो हसला. त्याच्या बेटावर एवढं अंतरच नाही. पण मग त्याने विचारलं, "म्हणजे लहानपणी सुट्टीत जात असाल?"

मी "हो" म्हटलं. खोटं बोलले. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगला असताना, मुंबईत, मरीन ड्राइव्हला.

आपल्या दहावीची सहल मालवणला गेली होती, आठवतंय ना? मी त्या सहलीला नव्हते. ऊसतोड सुरू होती आणि मुलींनी मुक्कामी सहलीला जायचं नाही, असा घरचा नियम होता. सर स्वतः घरी आले. वडिलांनी त्यांना चहा दिला, गूळ-शेंगा दिल्या, ऊस कसा आहे ते सांगितलं, आणि सहलीचा विषय काही निघू दिला नाही. सर आज इथे पहिल्या रांगेत आहेत. सर, तुम्ही त्या दिवशी आलात, एवढंच मला पुढे पुष्कळ वर्षं पुरलं. माझ्या मैत्रिणीने मला एक शिंपला आणून दिला होता. तो माझ्या कंपासपेटीत बारावीपर्यंत होता.

वडिलांवर माझा राग नाही. त्यांनीही समुद्र पाहिला नव्हता. एकदा कुणाच्या तरी जीपमधून आंबोलीला गेले होते. महादेवगडाच्या पॉइंटवरून हवा स्वच्छ असली तर समुद्राची रेघ दिसते, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. तिथे तासभर उभे राहिले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "धुकं हुतं." पुन्हा जायचं राहून गेलं. ते गेले त्याला आता नऊ वर्षं झाली.

आंबोलीला हिरण्यकेशीचा उगम आहे, देवळामागच्या गुहेतून पाणी येतं. तिथून समुद्र पक्ष्याच्या वाटेनं अगदी जवळ. पण ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवते, आजरा, गडहिंग्लज करत पूर्वेला जाते, घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि सगळं पाणी बंगालच्या उपसागरात. आपलंही तसंच झालं. घाट उतरायच्या ऐवजी आपण कोल्हापूर, पुणे, मुंबई असे निघालो.

एके काळी मात्र असं नव्हतं. रेल्वे येण्याआधी बेळगावकडचा माल घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात जायचा आणि तिथून गलबतांनी पुढे. बैलगाड्या आपल्याच भागातून खाली उतरायच्या आणि मीठ, नारळ, सुकी मासळी घेऊन वर यायच्या. माल्टाहून आल्यावर मला या सगळ्याची लाज वाटली, आणि त्या वर्षी जानेवारीत मी आईला गाडीत घातलं. आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. गुडघे दुखत होते, म्हणून पाच दिवस सावकाश फिरलो. काय काय पाहिलं ते सांगते, कारण त्यामागे माझा हेतू आहे.

वाट सोपी. आजरा, गवसे, आंबोली, घाट उतरला की सावंतवाडी. सावंतवाडीत मोती तलाव, चितारआळीतली लाकडी खेळणी, राजवाड्यातली गंजिफा. दोन तासांत होतं. आईने नातवंडांसाठी लाकडी वांगी-मिरच्या घेतल्या आणि "घरच्या परड्यात खरी हाईत की," असं म्हणून स्वतःच हसली.

वेंगुर्ला हे मला सगळ्यात आवडलेलं गाव. उतरत्या छपरांची घरं, जांभ्याचे गडगे, बंदरावरचं दीपगृह. सतराव्या शतकात डचांची इथे वखार होती. गोव्यातल्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला ही जागा त्यांना सोयीची होती. तिच्या जाड जांभ्याच्या भिंती पडक्या अवस्थेत अजून आहेत. माल्टात असली इमारत असती तर तिकीट लावून दाखवली असती. इथे झाडं उगवली आहेत. समुद्रात लांबवर वेंगुर्ला रॉक्स नावाचे खडक दिसतात, त्यांच्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात.

तिथून दक्षिणेला शिरोडा. वेळागरचा किनारा सुरूच्या बनाचा, मऊ वाळूचा, गाडी जवळपर्यंत जाते. ज्यांचे आईवडील सोबत असतील त्यांनी आधी इथेच यावं, एकही पायरी नाही. आईने पहिल्यांदा समुद्र पाहिला तो इथे. मला वाटलं होतं, ती काहीतरी मोठं बोलेल. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हे सारखं हलतंयच की गं. दमत न्हाई?" मग लुगडं वर खोचून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. लाट परतली की पायाखालची वाळू सरकते, तेव्हा माझा हात घट्ट धरायची.

पण तिला खरं गुंतवलं ते शिरोड्याच्या मिठागरांनी. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तो याच गावात. भरतीचं खारं पाणी बांध घातलेल्या उथळ चौकोनांत घेतात, उन्हाने ते आटत जातं, आणि तळाशी मीठ धरलं की फळीनं ओढून कडेला ढीग लावतात. आई बांधावर बसली. म्हणाली, "आपल्या वाफ्यागतच की." तिथल्या माणसाला तिने पाणी किती दिवस ठेवता, पाऊस अवकाळी आला तर काय करता, बांध कोण धरतं, असं सगळं विचारलं. तोही शेतकऱ्याशी बोलावं तसा बोलला. अवकाळी आला की तयार मीठ विरघळतं, हे ऐकून ती हळहळली. "साठ वर्सं बाजारात मीठ घेतलं, पिकतंय कसं ते आज कळलं," म्हणाली. मूठभर मीठ पदराला बांधून आणलं, ते अजून देवघरात आहे.

याच शिरोड्यात वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शाळामास्तर होते. नंतर ते कोल्हापूरला आले, आणि 'ययाति'साठी त्यांना ज्ञानपीठ मिळालं तेव्हा ते आपल्याच जिल्ह्यात राहत होते. म्हणजे घाट चढून वर आलेली माणसं होतीच.

वेंगुर्ल्याच्या उत्तरेला निवती. छोटासा किल्ला, खाली अर्ध्या चंद्रासारखा उपसागर, आणि बुरुजावरून उत्तरेला भोगव्याचा लांबलचक किनारा दिसतो. मी माल्टाचा गोल्डन बे पाहिलाय, हॉटेलं आणि खुर्च्यांनी भरलेला. निवतीला त्या सकाळी आम्ही दोघी, जाळी विणणारे तिघे आणि एक कुत्रा. मी वर गेले, आई खाली रापणीच्या होडीच्या सावलीत बसली. भोगव्यापलीकडे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिच्या पल्याडची वाळूची निमुळती जीभ म्हणजे देवबाग. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला समुद्र. संगमापाशी पाण्याला ओढ फार असते, तिथे पोहायला उतरू नका. आपल्यातले काहीजण घटप्रभेत पोहायला शिकलेत म्हणून हे मुद्दाम सांगते.

शेवटी मालवण. सिंधुदुर्गाला होडीने जावं लागतं. आई धक्क्यावर अडून बसली, "मी न्हाई बसणार त्या डुगडुगीत." शेवटी होडीवाल्याने हात दिला आणि म्हणाला, "आवशी, माझ्या आवशीक पण मीच नेतंय." तेव्हा बसली. सगळा वेळ डोळे मिटून होती.

किल्ल्याचं काम २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू झालं. पायाच्या दगडांत शिसं ओतलं होतं. नागमोडी तट तीनएक किलोमीटर, दार असं लपवलेलं की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत तीन गोड्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत हा आहे. आपल्याला प्रतापराव गुजर पाठ, २४ फेब्रुवारी १६७४ पाठ, खिंड आपल्या दारात. पण हा किल्ला पुढे कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मला नव्हतं. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं, मग परत केला, आणि १८१२ च्या तहात कोल्हापूरने मालवण कायमचं सोडलं. तोवर त्या समुद्रावर आपल्या गादीची गलबतं होती.

आतल्या शिवराजेश्वराच्या देवळात आई बराच वेळ बसली. परतताना होडीत तिने डोळे उघडे ठेवले. मध्येच म्हणाली, "तुझ्या बाला धुक्यानं फशिवलं बघ." पुढे मालवणात जेवायला बसलो तेव्हा सोलकढी दोनदा मागून घेतली. बांगडा तिला नारळामुळे "गोडमिट्ट" वाटला, ते असो.

आता हेतू सांगते. येत्या फेब्रुवारीत आपण सगळे जाऊ. दोन मुक्काम, एक वेंगुर्ल्यात, एक मालवणात. गाडी शनिवारी पहाटे पाचला एस. टी. स्टँडवरून सुटेल, आणि आंबोलीला चहासाठी थांबेल. धुकं असलं तर ते जाईपर्यंत थांबेल. नावं माझ्या शिंपलेवाल्या मैत्रिणीकडे द्यायची. आईवडील असतील तर त्यांना आणा, निवतीला त्यांना खाली सावलीत बसवू, माझी आई सोबतीला असेल. आणि सर, तुमचं नाव मी न विचारताच लिहिलं आहे. या वेळी तुम्हाला घरी न्यायला मी येणार आहे.