उपचारपद्धती आणि बुद्धाची कसोटी

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला आहे, 'पारंपरिक आणि पर्यायी उपचारपद्धती'. मी डॉक्टर नाही की वैद्य नाही. सातवी पास गिरणी कामगार. गिरणी कधीच बंद पडली, पण ओळख तीच राहिली. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून. तेव्हा हे पंडिताचं भाषण नाही. घरात कुणी आजारी पडलं की आपण काय करतो आणि काय करायला पाहिजे, एवढंच मला सांगायचं आहे.

सुरुवात माझ्याच घरापासून करतो. 2003 साली माझ्या धाकट्या भावाला टी.बी. झाला. बेडका तपासला, जंतू निघाले. सरकारी दवाखान्यात फुकट औषध सुरू झालं. त्या वेळी दिवसाआड जाऊन तिथल्या माणसासमोर गोळ्या गिळायच्या असत. दोन महिन्यांत खोकला थांबला, भावाने अंग धरलं. पण गोळ्यांनी मळमळायचं, लघवी केशरी व्हायची. घरात म्हणायचे, उष्णता झाली. त्यात एकदा कामामुळे त्याचा दिवस चुकला, तर दवाखान्यातल्या माणसाने चार लोकांत त्याचा पाणउतारा केला. त्याच सुमारास कुणी तरी सांगितलं की एक जण काढा देतो, टी.बी. मुळासकट जातो, पथ्य एवढंच की इंग्रजी गोळ्या बंद करायच्या. भाऊ मला म्हणाला, "दादा, काय करू?" मी म्हणालो, "झाडपालाच आहे, घेऊन बघ. नुकसान काय?"

बांधवांनो, हे वाक्य मी बोललो. आठ महिन्यांनी त्याच्या थुंकीतून रक्त पडलं. पुन्हा गोळ्या चालू केल्या, पण आता त्या लागू पडेनात. अर्धवट औषधाने जंतू मेले नव्हते, उलट औषधाला सरावले होते. दीड वर्षात भाऊ गेला. तेव्हा त्याची मुलगी चार वर्षांची होती. म्हणून हा विषय माझ्यासाठी नुसता माहितीचा नाही.

आता या पद्धती कोणत्या ते पाहू. सरकार ज्यांना 'आयुष' म्हणते त्यांत आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी येतात. या पद्धतींसाठी केंद्रात 1995 साली वेगळा विभाग झाला, 2003 मध्ये त्याला 'आयुष' हे नाव मिळाले आणि 2014 मध्ये स्वतंत्र मंत्रालय झाले.

आयुर्वेद चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या ग्रंथांवर उभा आहे. शरीरातले वात, पित्त, कफ बिघडले की रोग, ही त्याची मांडणी. युनानी मुळात ग्रीकांची, ती अरब हकिमांच्या हातून आपल्याकडे आली. सिद्ध तमिळनाडूची. निसर्गोपचारात माती, पाणी, ऊन, उपास यांवर भर असतो. पुण्याजवळ उरुळी कांचनला 1946 साली गांधीजींनी सुरू केलेला आश्रम पुष्कळांना माहीत आहे. होमिओपॅथी आपल्यातल्या कित्येकांना देशी वाटते, पण ती हानेमान नावाच्या जर्मन डॉक्टरने 1796 साली मांडली. सोवा-रिग्पा ही लडाख, तिबेटकडच्या बौद्धांची पद्धत. तिथल्या वैद्याला आमची म्हणतात आणि ते भैषज्यगुरू बुद्धाला आपल्या विद्येचा मूळ पुरुष मानतात. आपल्या सरकारने तिला 2010 साली कायद्याने मान्यता दिली.

पण याशिवाय एक मोठी विद्या कुठल्याच मंत्रालयाच्या यादीत बसली नाही. ती म्हणजे सुईणीची, वैदूची, हाडं बसवणाऱ्याची. पुष्कळ गावांत सवर्णांच्या घरची बाळंतपणंसुद्धा आपल्या किंवा मांगवाड्यातल्या बाईने केली. नाळ कापताना तिचा हात चालायचा, नंतर तिची सावली चालत नसे!

याच संदर्भात एक गोष्ट सांगतो. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या एका मराठी शेतकऱ्याला टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या जातीतल्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं. 1794 साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते चित्रासह छापून आलं आणि 1814 साली कार्प्यू नावाच्या डॉक्टरने तिकडे तसंच ऑपरेशन केलं. ही क्रिया सुश्रुताच्या ग्रंथातल्या नाकाच्या शस्त्रक्रियेच्या जातकुळीची. पण ती जिवंत कुणी ठेवली? विटा पाडणाऱ्या हातांनी. तेव्हा परंपरेचा अभिमान बाळगायचा तर तो आपणही बाळगू. ती कुणा एकाची मिरासदारी नाही.

आपल्या धम्मात तर औषधाला मोठं स्थान आहे. विनयपिटकातल्या महावग्गात औषधांवर एक सबंध प्रकरण आहे. तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ-काकवी ही भिक्खूंना आजारपणात घ्यायला मोकळी केलेली पाच औषधं. त्याच महावग्गात जीवकाची गोष्ट आहे. राजगृहाच्या उकिरड्यावर टाकून दिलेलं हे पोर, राजपुत्र अभयाने उचलून वाढवलं. त्याने तक्षशिलेला सात वर्षे वैद्यकी शिकली. गुरूने परीक्षा घेतली, की एक योजन परिसर फिर आणि जी औषधी नाही अशी वनस्पती आणून दाखव. जीवक रिकाम्या हाताने परत आला आणि पास झाला. पुढे तो बुद्धाचा आणि संघाचा वैद्य झाला. सम्राट अशोकाने तर दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठीही उपचाराची सोय केल्याचं आणि जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या लावल्याचं कोरून ठेवलं. तो लेख गिरनारला आहे. आपल्या मुंबईजवळ सोपाऱ्यालाही अशोकाच्या आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे सापडले आहेत.

मग तुम्ही विचाराल, जर झाडपाल्यात एवढं आहे, तर तुमच्या भावाचं काय चुकलं? उत्तर बुद्धाने कालामांना दिलेल्या उपदेशात आहे. परंपरेने आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरूने सांगितलं म्हणून मानू नका. स्वतः पारखा, हिताचं ठरलं तर घ्या. धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात, म्हणजे ये आणि पाहा. औषधालाही हीच कसोटी लावायची. पण एका माणसाला गुण आला म्हणजे पारख झाली असं नाही. पुष्कळ आजार आपोआप बरे होतात आणि श्रेय शेवटच्या पुडीला जातं. शेकडो रुग्णांवर, काटेकोर नोंदी ठेवून, औषध घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांची तुलना करून जे टिकतं ते खरं.

या कसोटीवर आपली काही जुनी औषधं झकास उतरली आहेत. वैद्य-हकीम सर्पगंधेचं मूळ पूर्वीपासून वापरायचे. 1949 साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी वाढलेल्या रक्तदाबावर त्याचा उपयोग रुग्णांवर तपासून इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापला आणि साऱ्या जगाने दखल घेतली. चीनमध्ये तू यूयू या बाईंनी सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात वाचलं की एक वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तापावर द्यावी. उकळली तर गुण जातो हे त्यांनी त्यावरून ताडलं आणि कमी उष्णतेवर अर्क काढला. त्यातून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन मिळालं. 2015 साली त्यांना नोबेल मिळालं. जुना ग्रंथ त्यांनी फेकला नाही की त्याची पूजाही केली नाही. त्यांनी तो तपासला.

काही गोष्टी मात्र कसोटीवर उतरल्या नाहीत. होमिओपॅथीचं औषध इतकं पातळ करतात की पुष्कळ गोळ्यांत मूळ द्रव्याचा कणही उरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यक संशोधन परिषदेने 2015 साली सगळे अभ्यास तपासून सांगितलं, की कुठल्याही आजारावर तिचा भरवसा धरावा असा पुरावा मिळाला नाही. बरं, 'झाडपाला म्हणजे निर्धोक' हेही खरं नाही. करोनात आपण सगळ्यांनी गुळवेलीचे काढे प्यायले. 2020 च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही. पण ज्यांना काविळीचा किंवा यकृताचा त्रास आहे त्यांनी विचारल्याशिवाय काढा पिऊ नये, एवढं शहाणपण तरी आपण घ्यावं. सांधेदुखीच्या, दम्याच्या बिननावाच्या पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत चमत्कार दिसतो तो त्याचा.

आता गिरणीतलं सांगतो. कार्डिंग खात्यात कापसाची पूड सगळीकडे उडायची. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळून यायची. आम्ही सगळे गूळ खायचो, गुळाने छातीतला कापूस उतरतो म्हणून. घसा ओला व्हायचा, बरं वाटायचं, हे खरं. पण फुप्फुसात गेलेली पूड गूळ कशी काढणार? त्यावर उपाय होता पूड ओढून घेणारं यंत्र आणि तोंडावर चांगली पट्टी. गूळ स्वस्त होता, यंत्राला मालकाचा पैसा लागत होता. म्हणून गुळाची महती वाढली! घरगुती उपाय कधी कधी आपला हक्क मागायला विसरायला लावतो, हेही ध्यानात ठेवा.

भगत, बुवा, अंगारे-धुपारे यांना तर मी उपचारपद्धती म्हणतच नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 ला हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. सापावर प्रतिविष हाच इलाज. विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबाची प्रॅझोसिन गोळी वापरून कोकणातले किती तरी जीव वाचवले.

मग आपली माणसं बुवाकडे आणि पुडीवाल्याकडे का जातात? अडाणी म्हणून? नाही. पुडीवाला बसायला सांगतो, विचारपूस करतो. दवाखान्यात रोजगार बुडतो, रांग असते आणि वर अपमान. माझ्या भावाला गोळ्यांनी जेवढं लांब नेलं नाही तेवढं त्या पाणउताऱ्याने नेलं. तेव्हा नुसतं "बुवाकडे जाऊ नका" म्हणून भागणार नाही.

महावग्गातच आणखी एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडला होता, कुणी जवळ जात नव्हतं. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. मग संघाला बजावलं, की ज्याला माझी सेवा करायची त्याने आजाऱ्याची करावी. बुद्धाने तिथे प्रवचन नंतर दिलं, आधी हात लावला.

म्हणून माझी सूचना आहे, की विहारात एक वही ठेवू या. वस्तीत ज्याला टी.बी. निघेल त्याच्यासोबत एक सोबती. आता गोळ्या रोज घ्यायच्या असतात. साध्या टी.बी.चा कोर्स सहा महिन्यांचा असतो आणि औषध फुकट आहे. आहारासाठी 2018 पासून सरकार महिन्याला 500 रुपये देत होतं, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 केले आहेत. सोबत्याने ते पैसे मिळतात का बघावं, गोळ्या चुकत नाहीत ना बघावं आणि दवाखान्यात कुणी वाकडं बोललं तर शेजारी उभं राहावं. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांनाही हेच. तुळशीचा काढा प्या, हळदीचं दूध प्या, योगासनं करा, पाठीला आराम पडेल. पण कुणीही, कितीही मोठा वैद्य असो, "चालू गोळ्या बंद करा" म्हणाला, तर आधी डॉक्टरांना विचारा. जो औषध बंद करायला सांगतो आणि मुळासकट बरं करायची हमी देतो, तिथून उठून या.

भावाची मुलगी आज नर्सिंग शिकून कामाला लागली आहे. वहीत पहिला सोबती म्हणून तिने स्वतःचं नाव घालायला सांगितलं आहे. दुसरं नाव माझं. बाकीची पानं कोरी आहेत, कार्यक्रम संपल्यावर वही दारापाशी ठेवलेली असेल.