राजीनामा लिहिण्याआधी



घरातला कमावता माणूस आजारी पडला आणि आजार मोठा निघाला, की आपल्याकडं पहिला सल्ला ठरलेला असतो. ‘राहू दे ती कंपनी. गावाकडं ये. जीव असला तर नोकऱ्या छप्पन्न मिळतील.’ सांगणारा कधी मामा असतो, कधी थोरला भाऊ, कधी आईच असते. त्यात माया असते, यात शंका नाही. तरी आज मी तुम्हाला सांगणार आहे, की हा सल्ला अर्धाच ऐका. गावाकडं जरूर या. पण राजीनामा लिहून देऊन येऊ नका. का, ते हिशेबानं सांगतो.

परतूर तालुक्यातलं वाटूर घ्या. जालना-मंठा रस्त्याला परतूरचा रस्ता जिथं मिळतो, त्या वाटूर फाट्यामुळं हे नाव आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. पोटापाण्याचा मुख्य आधार शेती: सोयाबीन, कापूस, तूर. पण दोन-अडीच एकरांत तीन भाऊ भागत नाहीत. मग एखादा जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात लागतो, एखादा वाळूजला, एखादा थेट चाकणला. अशाच एका तरुणाची आपण कल्पना करू. वय पस्तिशीच्या आत, पगार १५ हजार, घरी बायको, दोन लेकरं आणि म्हातारे आईवडील. तोंडातली जखम काही केल्या भरेना, म्हणून तपासणी केली आणि कर्करोग निघाला.

इथून पुढं त्याच्यावर तीन संकटं येतात, आणि ती एकमेकांना ओढून आणतात. आजारामुळं खाडे पडतात. खाड्यांमुळं नोकरी जाते. नोकरी गेली की तिच्यासोबतचा विमाही जातो. म्हणजे विम्याची खरी गरज पडली, की नेमका तेव्हाच तो हातातून सुटतो. हा दोष आपल्याच देशात आहे असं नाही. अमेरिकेत कोट्यवधी कुटुंबांचा आरोग्य विमा मालकाकडूनच येतो. तिथं १९८० च्या दशकात कायदा करावा लागला, की नोकरी गेल्यावरही साधारण १८ महिने तोच विमा चालू ठेवता यावा. पण हप्ता सगळा स्वतःच्या खिशातून. पगार बंद झालेल्या माणसानं तो कुठून भरायचा, हा प्रश्न तिथंही उरलाच.

आपल्याकडं ही अडचण फार आधी ओळखली गेली होती. १९४३ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना, कारखान्यातल्या कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचं काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडं सोपवलं गेलं. १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यातूनच पुढं १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. तेव्हा आपला मराठवाडा अजून निजामाच्या राज्यात होता. प्रत्यक्ष योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. पगाराच्या स्लिपवर आपण जे ‘ईएसआय’ वाचतो, ते हेच. आता ही योजना नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावली गेली आहे.

या योजनेचं वेगळेपण लक्षात घ्या. ती फक्त औषधपाणी करत नाही, तर बुडालेल्या पगाराचा मोठा भागही देते. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेला कामगार तिच्यात येतो. त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के घालतो. आपल्या १५ हजारांच्या तरुणाचे महिन्याला जेमतेम ११३ रुपये जातात. त्या बदल्यात, सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली, तर साध्या आजारात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत रोजच्या पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. कर्करोग, क्षयरोग, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणं अशा ठरावीक दीर्घ आजारांत ही रक्कम ८० टक्के होते आणि मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकते. त्यासाठी दोन वर्षांची सलग विमाधारक नोकरी आणि त्या काळात किमान १५६ दिवसांची वर्गणी लागते. आपल्या तरुणाची ही अट पुरी होत असेल, तर महिन्याला बारा हजारांच्या आसपास रक्कम घरात येत राहील. लेकरांची शाळा सुटणार नाही, रान गहाण पडणार नाही.

आणि त्यानं आधीच राजीनामा दिलेला असेल तर? हा सगळा हक्क डळमळीत होतो. १९४८ च्या कायद्यानं कलम ७३ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं, की कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना मालकानं त्याला कामावरून काढू नये. कायदा करणाऱ्यांना मालकाची भीती वाटत होती, म्हणून त्यांनी हे कुंपण घातलं. पण कामगारानं स्वतःच सही करून दिली, तर ते कुंपण काय कामाचं?

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. दीर्घ आजारपणाच्या कारणावरून नोकरी संपवली, तर आपला जुना औद्योगिक विवाद कायदा तिला छाटणी मानत नव्हता. त्यामुळं छाटणीची जी भरपाई इतर कामगाराला मिळायची, ती आजारी कामगाराला मिळत नव्हती. म्हणजे जो सर्वांत अडचणीत, त्याच्याच वाट्याला कायद्याची ही फट आली होती. नव्या कायद्याच्या अंमलात ती उरू नये, हे कामगार संघटनांनी लावून धरायला हवं. तोवर आपल्या हातात एवढंच आहे, की डॉक्टरांच्या दाखल्यासह रजेचा अर्ज द्यायचा, त्याची पोच घ्यायची आणि राजीनाम्याच्या कागदाला हात लावायचा नाही.

तुम्ही म्हणाल, आमचा पोरगा तर ठेकेदाराकडं आहे, कंपनीच्या रजिस्टरवर त्याचं नावच नाही. तरीही विचारा. ठेकेदाराच्या माणसाची ईएसआयची वर्गणी भरली जाते की नाही, याची जबाबदारी कायद्यानं मूळ कारखानदारावरही टाकलेली आहे. पगारातून कापून घेतात, पण विमा क्रमांक देत नाहीत, असं असेल तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी तक्रार करा. आणि हे तब्येत धडधाकट असताना करा. खाटेला खिळल्यावर क्रमांक शोधत बसणं फार अवघड जातं.

आता नोकरी गेलीच, असं धरू. तरी त्याच दिवशी सगळं संपत नाही. एप्रिल ते सप्टेंबर या काळात भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभ जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणजे समजा, ऑगस्टअखेर काम सुटलं, पण एप्रिलपासून वर्गणी नीट भरली गेली होती, तर पुढच्या जूनपर्यंत ईएसआयच्या दवाखान्यात उपचाराचा हक्क राहतो. पुष्कळ लोक काम सुटलं त्या दिवशीच ओळखपत्र फेकून देतात. ते जपून ठेवा. काम सुटलेल्या विमाधारकासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनाही आहे. तिच्यात ९० दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम मिळते. तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून शाखा कार्यालयात चौकशी करा. मात्र स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला ती मिळत नाही. सही करण्याआधी थांबायचं, ते यासाठीही.

पीएफमधूनही आजारपणासाठी पैसे काढता येतात. ग्रॅच्युइटीला एरवी पाच वर्षांची नोकरी लागते. पण आजारानं कायमचं अपंगत्व येऊन काम सुटलं, तर पाच वर्षांची अट नसते. आणि ज्यांची मुलं पुण्यात मोठ्या कंपनीच्या सामूहिक विम्याखाली आहेत, त्यांनी नोकरी सुटण्याआधीच त्याच विमा कंपनीकडं वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करावा. नंतर नवी पॉलिसी घ्यायला गेलं, की जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

नोकरीचे हे सगळे कागद संपले, की महाराष्ट्रात दुसरा कागद कामाला येतो. तो म्हणजे रेशनकार्ड. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये ती राज्यभर आली, आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळालं. सुरुवातीला ती पिवळ्या आणि केशरी कार्डासाठी होती. जालन्यासह शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही पुढं सातबाऱ्यावर तिचा लाभ मिळू लागला. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ती सर्व रेशनकार्डधारकांसाठी खुली झाली आणि कुटुंबामागं वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण ठरलं. नोकरी असो वा नसो, हे कार्ड कुणी काढून घेत नाही. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन, डायलिसिस हे उपचार तिच्या यादीत आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. भरती होण्याआधी त्याला भेटा. यादीतल्या उपचारासाठी पैसे मागितले, तर १५५३८८ या क्रमांकावर फोन करा.

आपल्याकडच्या कर्करोगाच्या रुग्णाला मुंबईच गाठावी लागते, असंही आता राहिलेलं नाही. छत्रपती संभाजीनगरला २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आणि तिथलं घाटी रुग्णालय तर मराठवाड्याच्या सवयीचंच. तरीही कुणाला मुंबईच्या टाटा रुग्णालयात पाठवलं, तर उपचार घेणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या भाड्यात मोठी सवलत आहे. स्लीपर आणि थर्ड एसीत तर त्याचं भाडंच माफ असतं. परतूरला स्टेशन आहे. रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला तेवढा जवळ हवा. दादरला गाडगेबाबांच्या नावानं चालणारी धर्मशाळा अशाच रुग्णांच्या आणि नातेवाइकांच्या उपयोगी पडते. खासगी धर्मादाय रुग्णालयांनाही १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. तिथं उत्पन्नाचा दाखला लागतो. तो तहसीलमधून आधीच काढून ठेवा.

पण रेशनकार्डाच्या योजनेची मर्यादा ओळखा. ती रुग्णालयाचं बिल भरते, चूल पेटवत नाही. बाहेरून आणलेली गोळी, जालन्याच्या खेपा, सोबत आलेल्या माणसाचा बुडालेला रोज, हे सगळं घरावरच पडतं. म्हणून सुरुवातीला जे म्हटलं, ते पुन्हा म्हणतो. उपचाराचा खर्च रेशनकार्डावर बऱ्याच अंशी भागेल, पण बुडालेला पगार फक्त नोकरीच्या कागदावर मिळतो. तो कागद स्वतःच्या हातानं फाडू नका.

ज्यांच्याकडं असा कागद कधी नव्हताच, त्यांचं काय? ऊसतोडीला जाणारी जोडपी, शेतमजूर, फाट्यावर हातगाडी लावणारा. हंगामी कारखाना तर ईएसआयच्या कक्षेबाहेरच राहिलेला आहे. त्यांना आज सरकारी आधार थोडा आहे, पण तोही पुष्कळदा मागितला जात नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोग, क्षयरोग, पक्षाघात, एड्स, कुष्ठरोग अशा आजारांचे गरीब रुग्ण बसतात. महिना दीड हजार रुपये मिळतात आणि अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. क्षयरोग्याला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना एक हजार रुपये थेट खात्यात येतात. रक्कम लहान आहे. पण सावकाराकडं शेकडा तीननं जाण्याआधी ती मागून तरी बघा.

आता थोडं मनाबद्दल. काम सुटलेला पुरुष आजारापेक्षा शरमेनं जास्त खचतो. पारावर जाणं सोडतो, लग्नाकार्याला जात नाही, बायकोवर चिडतो. सगळा भार मात्र तीच ओढत असते: दवाखाना, रान, लेकरं, पाहुणे. तिला कुणी विचारत नाही, की तू जेवलीस का. दोघांपैकी कुणाचंही मन फार खाली गेलं, झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. तिथं मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

भेटायला जाणाऱ्यांनाही एक विनंती. आपण जातो, चहा घेतो, अमक्याला हाच आजार होता आणि तो कसा गेला, ते सांगून येतो. त्यापेक्षा त्यांच्या सोयाबीनची एक पात खुरपून द्या. आपल्या भागात इर्जिक नवी नाही. ज्याचं आऊत अडलं त्याचं रान गावानं नांगरून द्यायचं, ही रीत बैलांच्या काळात होती. आजारी घराच्या कापूस वेचणीसाठी ती आजही चालेल.

शेवटी गावकारभाऱ्यांना सांगणं. पुढच्या ग्रामसभेत अर्धा तास या कामासाठी ठेवा. किती घरांचं रेशनकार्ड ऑनलाइन नाही, किती जणांचं मोफत उपचारांसाठीचं आयुष्मान कार्ड निघालेलं नाही, बाहेरगावी कामाला असलेल्या किती पोरांना आपला ईएसआय क्रमांक माहीत नाही, याची यादी करा. आशाताई आणि ग्रामसेवक सोबत असले, तर हे काम फार मोठं नाही. आणि जालन्याला, वाळूजला, चाकणला असलेल्या आपल्या मुलाला आज रात्री फोन कराल, तेव्हा जेवला का, हे विचारून झाल्यावर त्याचा विमा क्रमांक विचारा आणि घरच्या वहीत लिहून ठेवा.