बढती आणि विसावा हिस्सा

(नाशिक येथे पदवीधर व बढती मिळालेल्या बौद्ध बंधुभगिनींच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आज आपण ज्यांच्या गळ्यात हार घातले त्यांच्यापैकी कोणी ह्या वर्षी विद्यापीठाची पदवी संपादन केली आहे, कोणी कारकुनाचा अव्वल कारकून झाला आहे, कोणी तलाठ्याचा मंडळ अधिकारी झाला आहे, तर एक भगिनी शिक्षिकेची मुख्याध्यापिका झाली आहे. त्या सर्वांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. ज्यांच्या आजोबांना गावकीच्या कामासाठी पाटलाच्या दारात हाकेसरशी उभे राहावे लागे, त्यांच्या नातवंडांच्या सहीवाचून आज कचेरीतील कागद पुढे सरकत नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि केवळ अभिनंदन करून खाली बसावे, एवढ्यासाठी आपण मला बोलाविले असेल असे मला वाटत नाही. समोर ज्या मातापित्यांची गर्दी आहे, त्यांच्यापैकी पुष्कळांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. त्यांच्या मनात दोन प्रश्न आहेत. पहिला असा की, आम्ही बौद्ध झालो, आता आमच्या मुलाच्या नोकरीचे आणि बढतीचे काय? आणि दुसरा असा की, मुलगा साहेब झाला, घरात चार पैसे आले, आता आणखी काय करावयाचे उरले? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे देण्याचा मी यथाशक्ति प्रयत्न करणार आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे, परंतु ते आपणांस फुकट मिळालेले नाही. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित होत्या; १९५६ साली त्यांत शिखांचा समावेश झाला. त्याच साली, १४ ऑक्टोबरला, नागपूरच्या भूमीवर आपल्या लक्षावधी बांधवांनी बुद्धाला शरण जाऊन नवा जन्म घेतला. त्या क्षणापासून केंद्र सरकारच्या दृष्टीने ते अनुसूचित जातींचे राहिले नाहीत. महाराष्ट्र राज्य निर्माण झाल्यावर १९६० साली ह्या राज्याने नवबौद्धांना आपल्या सवलती दिल्या. परंतु रेल्वे, तारखाते, आयकर ह्या केंद्राच्या खात्यांचे दार बंदच राहिले. ते उघडले १९९० साली, संसदेने त्या आदेशात दुरुस्ती केली तेव्हा. १९५६ ते १९९०, म्हणजे ३४ वर्षे! ह्या ३४ वर्षांत कित्येक पदवीधरांपुढे अर्जाचा कागद आला आणि धर्माच्या रकान्यापाशी त्यांची लेखणी थांबली. तेथे 'बौद्ध' असे लिहिले तर हक्काची जागा जात होती. तरीही ज्यांनी तो शब्द लिहिला, त्यांनी आपली नोकरी धम्माला वाहिली असेच म्हटले पाहिजे. आज आपल्या मुलाला तो त्याग करावा लागत नाही. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या माणसाचा हक्क दीक्षेमुळे जात नाही. म्हणून मी आपणांस सांगतो, भिऊन धर्म लपवू नका; मात्र कागद नीट ठेवा. जातीचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र वेळेवर काढा. ऐन बढतीच्या दिवशी धावपळ करण्याची पाळी आणू नका.

आता बढतीविषयी. नोकरीत शिरणे आणि नोकरीत वर चढणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घटनेच्या १६ व्या कलमाने राखीव जागांना आधार दिला. तो बढतीलाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली रंगाचारी खटल्यात म्हटले. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंद्रा साहनी खटल्यात तो केवळ प्रथम नेमणुकीपुरता आहे, असे ठरले. संसदेने १९९५ साली ७७ वी घटनादुरुस्ती करून अनुसूचित जाती व जमातींसाठी बढतीतील राखीव जागांची तरतूद घटनेतच घातली आणि २००१ साली ८५ व्या दुरुस्तीने ज्येष्ठतेचेही रक्षण केले. २००६ साली नागराज खटल्यात न्यायालयाने घटनादुरुस्त्या मान्य केल्या, परंतु सरकारने आकडेवारी पुढे ठेवावी अशी अट घातली. २०१८ साली मागासलेपण सिद्ध करण्याची अट गेली. पुरेसे प्रतिनिधित्व नाही हे आकड्यांनी दाखविण्याची अट मात्र राहिली. आपल्या राज्यात ४ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बढतीतील राखीव जागांविषयीचा २५ मे २००४ चा शासननिर्णय रद्द ठरविला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

हा इतिहास मी एवढ्याचसाठी सांगितला की, बढती ही कोणाच्या मेहेरबानीने मिळत नाही आणि एकदा मिळालेला हक्क कायमचा खिशात पडला असेही नाही. वरच्या जागांवर आपली माणसे किती आहेत, ह्या आकड्यावर जर हक्क अवलंबून असेल, तर तो आकडा कोण मोजणार? ज्याला बिंदुनामावली वाचता येते, जो ज्येष्ठता यादी आणि गोपनीय अहवाल जाणतो, त्यानेच तो मोजला पाहिजे. म्हणजेच आज ज्यांच्या गळ्यात हार आहेत त्यांनी! येथेच पहिल्या प्रश्नातून दुसरा प्रश्न निघतो.

मुलगा साहेब झाला, आता काय उरले? ह्या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. १९१२ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ साली एम. ए. झाले. एवढी विद्वत्ता घेऊन ते १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा कचेरीतील शिपायांनी त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकले आणि त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. हुद्दा होता, पगार होता, विलायतेची विद्या होती. माणूस म्हणून मान मात्र नव्हता. एकट्याच्या वर चढण्याने समाजाची बेडी तुटत नाही, हे त्या दिवशी त्यांनी सोसून जाणले.

म्हणून पुढे त्यांनी काय केले ते पाहा. १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. ही पदवी त्यांना मिळाली. एवढ्या पदव्यांचा धनी मोठ्या पगाराची जागा पटकावून स्वस्थ बसला असता तर त्याला कोण दोष देणार होते? परंतु १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली आणि १९२५ साली सोलापूरला मुलांसाठी वसतिगृह उघडले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, मिलिंद महाविद्यालय. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत, ते अशासाठी की दिवसभर कचेरीत राबणाऱ्या गरीब तरुणाला कामावर जाण्यापूर्वी शिकता यावे. बाबासाहेबांना वर चढण्यास जी शिडी मिळाली ती त्यांनी मागे ओढून घेतली नाही. उलट तशा अनेक शिड्या उभ्या केल्या.

त्या शिड्यांनी माणसे कोठवर नेली? मिलिंद महाविद्यालयात शिकलेले डॉ. सुखदेव थोरात २००६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. आपल्या नाशिक जिल्ह्यातील ओझरचे दामोदर जाधव गावकी सोडून मुंबईस मजुरीला गेले. त्यांचे चिरंजीव डॉ. नरेंद्र जाधव रिझर्व्ह बँकेचे अर्थतज्ज्ञ झाले आणि २००६ साली पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या विद्यापीठाच्या पदव्या नाशिकची मुले घेतात, त्याच्या कुलगुरूच्या खुर्चीवर ओझरच्या मजुराचा मुलगा बसला! विदर्भातील कायद्याचे पदवीधर भूषण गवई १९८५ साली वकील झाले, २००३ साली उच्च न्यायालयाचे आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १४ मे २०२५ ते २३ नोव्हेंबर २०२५ ह्या काळात ते भारताचे सरन्यायाधीश होते. त्या पदावर बसलेले ते पहिले बौद्ध होत.

ही नावे घेताना आपली छाती अभिमानाने फुगते, आणि ती फुगलीच पाहिजे. परंतु त्याच विदर्भातील कुमुद पावडे यांचीही आठवण ठेवा. त्यांनी संस्कृतात एम. ए. केले, तरी नोकरी मिळेना. विवाहानंतर आडनाव बदलले, तेव्हा दार उघडले. त्या पुढे संस्कृतच्या प्राध्यापिका झाल्या, परंतु दार विद्येने उघडले की आडनावाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच जाहीरपणे विचारला. त्यांनी तो लपविला नाही, हाच त्यांचा मोठेपणा.

आता मी थोडे कटू बोलणार आहे. आपल्यापैकी काही जण बढतीबरोबर वस्ती बदलतात. ते सोयीसाठी असेल तर माझी तक्रार नाही. परंतु वस्तीबरोबर ओळख बदलते, बैठकीतील बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत जाते, गावाकडचा भाचा परीक्षेसाठी आला तर त्याला शेजाऱ्यांपुढे 'ओळखीचा मुलगा' म्हणून सांगितले जाते. बंधूंनो, ही भीती मी समजू शकतो. तिच्यामागे पिढ्यान् पिढ्यांचा अपमान आहे. परंतु १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी जे दुःख बोलून दाखविले, ते ह्याचसाठी. शिकून हे लोक समाजाच्या कामास येतील अशी त्यांची आशा होती आणि पोट भरण्यात गुंतलेल्या कारकुनांची गर्दी तेवढी त्यांना दिसली. ते दुःख घेऊनच काही महिन्यांनी ते आपणांस सोडून गेले. प्रत्येक बढतीच्या दिवशी ते दुःख आपल्या दारात येऊन उभे राहते, असे मी मानतो.

मग उपाय काय? तो शोधण्यास दूर जावयास नको. नाशिकच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगर आहे. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात; वस्तुतः ती आपल्या भिक्षूंची लेणी आहेत. तेथील १९ व्या क्रमांकाचे लेणे सातवाहन राजा कान्ह ह्याच्या काळी एका महामात्राने, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यानेच, कोरविले. २० व्या लेण्याचे काम एकाने सुरू केले, ते कित्येक वर्षे अपुरे राहिले आणि एका महासेनापतीच्या पत्नीने ते पुरे केले. आपल्या घरच्या हुद्द्याचा काय उपयोग करावा, हे त्या भगिनीस ठाऊक होते.

आणि १० व्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात ह्याचा लेख आहे. त्याने संघासाठी ३,००० कार्षापण ठेवले. तेही स्वतःच्या पेटीत नव्हे, तर गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १,००० दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. अट अशी की, मुद्दल कधीही परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज उपभोगावयाचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासाच्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. हिशेब करून पाहा: २,००० चे वर्षाचे व्याज २४० आणि वीस बारे दोनशे चाळीस. एका नाण्याचाही घोळ नाही! शिवाय ही देणगी निगमसभेत जाहीर केली आणि दप्तरात नोंदविली. दान कसे करावे आणि हिशेब कसा ठेवावा, ह्याचा हा धडा आपल्याच डोंगरावर सुमारे १,९०० वर्षांपूर्वी कोरून ठेवलेला आहे.

दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी प्रत्येक बौद्धाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा, असे सांगितले. त्या दोन गोष्टी एकत्र करा, ही माझी सूचना आहे. ज्याला बढती मिळाली त्याने वाढलेल्या पगाराचा विसावा हिस्सा वस्तीच्या शिक्षणनिधीत टाकावा. हा निधी बँकेत किंवा टपाल कचेरीत, दोन बायका आणि एक पुरुष अशा तिघांच्या सहीने ठेवावा. मुद्दलास कोणी हात लावू नये. व्याजातून परीक्षेची फी, पुस्तके आणि बाहेरगावी शिकणाऱ्या मुलीच्या वसतिगृहाचा खर्च भागवावा. दर वर्षी १४ ऑक्टोबरला विहारात सर्वांसमक्ष हिशेब वाचावा, जसा उषवदाताने निगमसभेत वाचविला.

आणि पैशाहून मोठे एक दान आहे. महिन्यातील एक रविवार द्या. विहारात बसा, आणि ज्याला अर्ज भरता येत नाही त्याचा अर्ज भरा, ज्याचा गोपनीय अहवाल बिघडविला गेला त्याला दाद कशी मागावी ते सांगा, ज्याला दिवसा कामावर जावे लागते त्याला नाशिकच्याच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची वाट दाखवा. ज्या काळाराम मंदिराच्या दारावर २ मार्च १९३० पासून आपल्या वडीलधाऱ्यांनी मार खाल्ला, त्या दाराची आज आपणांस गरज उरली नाही. परंतु कचेरीच्या, महाविद्यालयाच्या, न्यायालयाच्या दारांवर अजून आपली माणसे उभी आहेत, आणि त्यांच्यापैकी पुष्कळ दारांची किल्ली आज ह्या हार घातलेल्या हातांत आहे.

समोर बसलेल्या मातांना मी शेवटी एवढेच सांगतो. तुमचा मुलगा साहेब झाला ह्याचा आनंद माना, गोड करा. पण त्याच रात्री त्याला विचारा, "बाळा, तुझ्यामागून कोण येतो आहे?" ज्या दिवशी त्याला त्या प्रश्नाचे उत्तर एका नावाने देता येईल, त्या दिवशी त्याला खरी बढती मिळाली असे समजा.

नमो बुद्धाय! जय भीम!