कलम 18 आणि मुक्कामाची गाडी



तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या माणसाला तुम्ही अध्यक्षपदावर बसवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. मी सरळ विषयाकडे येतो, कारण बोलायचं बरंच आहे आणि संध्याकाळच्या गाडीनं परतणारेही इथे पुष्कळ आहेत.

माझं लहानपण सह्याद्रीच्या पायथ्याशी, रस्ता जिथे संपतो अशा गावात गेलं. रात्री आठच्या सुमाराला मुक्कामाची गाडी यायची. खालच्या वळणावर हॉर्न वाजला की आई भाताचं आधण ठेवायची. चालक आणि वाहक मारुतीच्या देवळात पथारी टाकायचे. कंदिलाच्या उजेडात वाहक तिकिटांचा पत्र्याचा ट्रे मांडीवर घ्यायचा आणि बोटाला थुंकी लावून रंगीत तिकिटांचे गठ्ठे मोजायचा. हिशेब जुळेपर्यंत आम्ही पोरं श्वास रोखून बघत राहायचो. पहाटे साडेपाचला गाडी निघायची. टपावर दुधाचे कॅन, आत कोर्टाच्या तारखेला निघालेली माणसं, दवाखान्यात न्यायची म्हातारी, हायस्कूलची मुलं. त्याच गाडीनं मी आठवी ते बारावी शिकलो. गाडी हा आपला हक्क आहे, असंच मला वाटायचं. तसा हक्क कायद्यानं कुणालाच दिलेला नाही, हे वकील झाल्यावर कळलं.

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली. आज ज्या कायद्यावर एसटी महामंडळ उभं आहे तो मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम 1950 सालचा, संसदेनं केलेला. त्याचं कलम 18 महामंडळाचं कर्तव्य सांगतं. कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि नीट सांगड घातलेली रस्ते वाहतूक सेवा उत्तरोत्तर पुरवणं, हे महामंडळाचं सर्वसाधारण कर्तव्य आहे. वाचून मन भरून येतं. मग खाली परंतुक येतं. त्याचा आशय असा, की एरवी जी जबाबदारी महामंडळावर नसती, ती या कलमामुळे न्यायालयात बजावून घेता येईल असं समजू नये.

या परंतुकावर मला थांबायचं आहे. सकाळची एकमेव फेरी बंद झालेल्या गावाचे लोक वकिलाकडे येतात आणि म्हणतात, साहेब, केस टाका. वकील कलम 18 उघडतो. वरच्या ओळीत त्यांचं म्हणणं खरं ठरतं आणि खालच्या ओळीत ते दाराबाहेर काढलं जातं. रिट याचिकेचा रस्ता उच्च न्यायालयाकडे जातो, पण पाचशे उंबऱ्यांच्या गावाला तो परवडणारा नाही, आणि तिथेही हेच परंतुक आडवं येतं. कर्तव्य आहे, पण ते ज्याच्यासाठी आहे त्याला मागता येत नाही, अशी ही रचना आहे.

ही रचना आपली नव्हे. ब्रिटनच्या 1947 च्या परिवहन कायद्यातली कर्तव्याची व्याख्या आणि आपलं कलम 18 शेजारी ठेवून वाचा, शब्दांची ठेवण तीच दिसते. नव्या देशानं हाताशी असलेला नमुना घेतला, त्यात गैर काही नव्हतं. पण ज्यांच्याकडून नमुना घेतला त्यांनी तो टिकवला नाही. 1968 च्या कायद्यानं त्यांनी तोट्यातल्या पण लोकांना लागणाऱ्या रेल्वेसेवांना अनुदान द्यायची तरतूद केली आणि ग्रामीण बससेवेसाठीही साहाय्याची सोय केली. युरोपीय संघानं पुढे 2007 साली नियमच केला, की सार्वजनिक सेवेची जबाबदारी टाकायची तर लेखी करार हवा आणि त्याची भरपाई आधी ठरलेली हवी. आपण मात्र अजून 1950 च्याच ओळीवर उभे आहोत.

आता कलम 22 कडे या. महामंडळानं आपला कारभार व्यापारी तत्त्वांवर चालवावा, असं ते सांगतं. कलम 30 नफ्याचं काय करायचं ते सांगतं: ठरलेल्या तरतुदी झाल्यावर उरलेला पैसा रस्त्यांच्या विकासासाठी राज्य सरकारकडे जाईल. त्या काळी नफा होईल अशी आशा होती, आणि ती खोटी नव्हती. खाजगी सर्व्हिस मोटारींच्या जागी एकच सेवा उभी राहत होती. पण लोकांसाठी मुद्दाम पत्करलेल्या तोट्याचं काय करायचं, यावर हा कायदा काही बोलत नाही. आज संचित तोटा दहा हजार कोटींच्या घरात आहे आणि त्यातला किती तोटा ढिसाळपणाचा, किती गावांच्या सेवेचा, हे वेगळं मांडायची सक्ती कायद्यात कुठेच नाही.

त्याचा परिणाम आगारात दिसतो. आगार व्यवस्थापकापुढे भारमानाचा, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरल्या याचा, तक्ता असतो. डोंगरातल्या फेरीचं भारमान कमी असणारच. व्यापारी तत्त्व सांगतं, फेरी कमी करा. कर्तव्य सांगतं, चालू ठेवा. दोन कलमांच्या मध्ये तो एकटा उभा असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण कायद्यानंच त्याला दोन मालक दिले आहेत.

सवलतींकडे बघा. 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना 2022 पासून मोफत प्रवास आहे, महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, शाळकरी मुलींना मोफत पास आहे. या सवलतींनी किती बायका माहेरी आणि बाजाराला मोकळेपणानं जाऊ लागल्या, ते मी स्टँडवर रोज बघतो. मी त्यांच्या बाजूनं आहे. पण मुलीच्या दप्तरात पास असून साडेसहाची फेरीच नसेल, तर त्या पासाचं करायचं काय? सवलत तिकिटावर मिळते आणि तिकीट गाडीत मिळतं. सवलतीचे पैसे सरकारनं महामंडळाला किती दिवसांत द्यायचे, याचंही बंधन या कायद्यात नाही.

दुसरीकडे त्याच रस्त्यावर वडाप आणि काळीपिवळी ही खाजगी प्रवासी वाहतूक धावते. मोटार वाहन अधिनियम 1988 टप्पा वाहतूक आणि कंत्राटी वाहतूक असा भेद करतो. कंत्राटी गाडीनं वाटेत माणसं चढवायची-उतरवायची नाहीत, असा त्याचा अर्थ. कोणत्याही महामार्गावरच्या नाक्यावर रात्री नऊला उभे राहा, हा भेद किती उरला आहे ते कळेल. एसटीच्या तिकिटातून 1958 च्या कायद्यानुसार साडेसतरा टक्के प्रवासी कर जातो. रात्री मुक्कामाला जाणाऱ्या गाडीच्या प्रवाशाकडूनही तो घ्यावा का, याचा विचार आता तरी व्हायला हवा.

2021 च्या ऑक्टोबरअखेरीपासून साडेपाच महिने एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला. महामंडळाचं राज्य सरकारमध्ये विलीनीकरण व्हावं की नाही, यावर महाराष्ट्र ढवळून निघाला. आंध्र प्रदेशानं 1 जानेवारी 2020 पासून आपल्या परिवहन महामंडळाच्या कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेत घेतलं, त्याचा दाखला वारंवार दिला गेला. चालक-वाहकांच्या हलाखीचा प्रश्न खरा होता आणि आहे. पण त्या सगळ्या चर्चेत प्रवाशाचा कायदेशीर दर्जा काय, हा प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही. कर्मचारी उद्या सरकारी झाले तरी कलम 18 चं परंतुक तिथेच राहील.

लोकसेवा हक्क कायद्यानं 2015 पासून तुम्हाला दाखला ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क दिला. तो दाखला आणायला तालुक्याला जायची गाडी मात्र हक्कात बसत नाही.

काही सहकारी मला म्हणाले, परंतुक काढलं तर प्रत्येक चुकलेल्या गाडीवर दावा लागेल, कोर्टं भरून जातील. ही भीती मी खोटी म्हणत नाही. म्हणून सरसकट परंतुक काढा असं मी म्हणणार नाही. किमान सेवा ठरवा, आणि तेवढ्यापुरतं परंतुक लागू होणार नाही असं म्हणा. टायर फुटला, दरड कोसळली, त्याचा दावा होणार नाही. फेरी कायमची बंद करायची असेल तर ग्रामपंचायतीला तीन महिने आधी लेखी कळवावं, गावात येऊन म्हणणं ऐकावं, आणि निर्णयावर जिल्ह्यातच अपील असावं. तोट्याच्या किमान फेऱ्यांचा हिशेब वेगळा ठेवावा आणि ती रक्कम अर्थसंकल्पात स्वतंत्र ओळीत दाखवावी.

कायदा केंद्राचा असल्यामुळे बदल संसदेतूनच व्हावा, असा आपला आग्रह राहील. पण तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. कलम 34 खाली राज्य सरकार महामंडळाशी विचारविनिमय करून त्याला सर्वसाधारण निर्देश देऊ शकतं. किमान सेवेचा पहिला निर्देश मुंबईतून उद्याही निघू शकतो.

राज्यात सुमारे अडीचशे आगारं आहेत. ‘गाव तिथे एसटी’ हे ब्रीद तिथे किती श्रद्धेनं जपलं गेलं, हे देवळात झोपणाऱ्या त्या वाहकांकडे बघत मोठ्या झालेल्या मला कुणी सांगायला नको. ते ब्रीद कायद्याच्या एखाद्या कलमात लिहिलेलं असावं, एवढंच माझं मागणं आहे. कलम 18 मध्ये घालायच्या पोटकलमाचा कच्चा मसुदा मी आणला आहे, दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा होईल. पहिलं वाक्य वाचतो: “बारमाही रस्त्यानं जोडलेल्या प्रत्येक गावाला रोज सकाळी तालुक्याला पोहोचवणारी एक आणि संध्याकाळी परत आणणारी एक फेरी मिळण्याचा हक्क असेल, आणि तो हक्क त्या गावातल्या कोणत्याही रहिवाशाला बजावून घेता येईल.”

‘बारमाही रस्ता’ म्हणजे नेमका कोणता, यावर दुर्गम भागातून आलेल्या प्रतिनिधींनी आधी बोलावं, अशी माझी विनंती आहे.