एकाची हरकत





समूहाला केंद्रस्थानी मानणाऱ्या राजकीय विचारांवर दोन दिवस बोलायचे, तर त्याला वर्धा हीच जागा हवी होती. इथून जवळच, धाम नदीच्या काठी, पवनारला विनोबांचा आश्रम आहे. मार्च १९५१ मध्ये ते तिथून पायी निघाले. १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली आणि जमीनदार रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली. पुढे विनोबा जमीनदारांना सांगत, पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. हे मागणे कायद्याच्या चौकटीतले नव्हे, घरातले आहे. दान म्हणजे नीट वाटणी, असा अर्थ त्यांनी शंकराचार्यांच्या आधाराने लावला. पुण्याचा शब्द त्यांनी वाट्याचा करून टाकला. धर्माने राजकारणाला दिलेले याहून मोठे देणे मला ठाऊक नाही.

पण माझ्या गावच्या सप्ताहाची पंगतही मला विसरता येत नाही. काल्याला सगळा गाव एकत्र जेवतो, असे मोठी माणसे अभिमानाने सांगत. वेशीपलीकडच्या घरांच्या पत्रावळी मात्र लांब झाडाखाली, शेवटची पंगत उठल्यावर मांडल्या जात. वाढणारा हात उंच धरी. वरण पत्रावळीत कमी, मातीत जास्त पडे. ‘सगळा गाव’ म्हणताना ती घरे मोजलेली नसत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राज्यघटनेच्या मसुद्याने खेडे नाकारून व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले, ते मला या पंगतीमुळे कळते.

मग समूह सोडायचा का? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावाकडे पाहा. तिथली ग्रामसभा बहुमत मोजत नाही, सर्वसहमतीने ठरवते. एकाचा विरोध असला तरी पुन्हा बसायचे, पुन्हा बोलायचे. अशा बैठकांतून उभ्या राहिलेल्या या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

म्हणून उद्याचा ठरावही मतदानाने करू नये, अशी स्वागत समितीची विनंती आहे. कुणाची हरकत असेल तर बसून राहू. त्यात गाडी चुकली, तर मुक्कामाची आणि झुणका-भाकरीची सोय आम्ही करून ठेवली आहे.