जहाज फुटलं, माणसं वाचली

कोणी बसमध्ये ऐकत असाल, कोणी हॉस्टेलच्या खोलीत, आणि कोणी झोप येत नाही म्हणून हेडफोन लावून पडले असाल. आजचं बोलणं जास्त करून या झोप न येणाऱ्यांसाठी आहे.

आपल्या एका ऐकणाऱ्या ताईने मेसेज केला होता. "दादा, मी रोज प्रार्थना करते, उपासना चुकवत नाही, मग हे माझ्याच घरी का?" मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण हा प्रश्न मीही विचारलाय. दोन वर्षांपूर्वी माझ्या पप्पांना पॅरालिसिसचा झटका आला. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. तीन महिन्यांत कंपनीने आमची अख्खी टीमच कमी केली. घरात औषधांची बिलं, बहिणीची फी, आणि खात्यात काहीच नाही.

त्या दिवसांत मी प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ पुन्हा पुन्हा वाचला. तुम्हीही आज रात्री उघडून वाचा. आधी गोष्ट सांगतो.

पौल कैदी आहे. त्याला जहाजाने रोमला नेत आहेत. प्रभूने त्याला आधीच सांगितलंय की रोममध्येही तू माझी साक्ष देणार आहेस. म्हणजे पौल देवाच्या इच्छेतच चाललाय बरं का! तरी वादळ आलंच. आणि ते त्याच्या चुकीमुळे आलं नाही. त्याने सांगितलं होतं की हा प्रवास धोक्याचा आहे. शताधिपतीने ऐकलं तांडेलाचं आणि जहाजाच्या मालकाचं. दुसऱ्यांच्या निर्णयाचा फटका आपल्याला बसतो, हे काही नवीन नाही.

पुढे बघा. त्यांनी माल समुद्रात टाकला. तिसऱ्या दिवशी जहाजाचं सामानही टाकलं. पुष्कळ दिवस ना सूर्य दिसला, ना तारे. त्या काळी खलाशी ताऱ्यांवरून दिशा ओळखायचे. म्हणजे आपण कुठे आहोत हेच कळेना. मोबाईलची रेंज गेल्यावर मॅप जसा जागच्या जागी अडकतो, तसं. शेवटी वाचण्याची आशाच सुटली, असं शास्त्र स्पष्ट सांगतं. विश्वासणाऱ्यांच्या जहाजावरही अशी रात्र येते. बायबल ते लपवत नाही.

अशा वेळी देवाचा दूत पौलाला सांगतो की भिऊ नकोस, तुझ्याबरोबरच्या सगळ्यांचे जीव वाचतील. आता हे वचन नीट ऐका. जीव वाचतील, पण जहाज जाईल. आपण बहुतेक वेळा जहाजासाठी प्रार्थना करतो. हीच नोकरी, हेच कॉलेज, हेच नातं. देवाने शब्द दिला होता माणसांचा.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चौदाव्या रात्री खलाशांनी दोरी सोडून खोली मोजली. आधी वीस वाव, मग पंधरा. जमीन जवळ आली. तेव्हा खलाशी गुपचूप होडी घेऊन पळायला निघाले. पौल म्हणाला, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. अरे, देवाने शब्द दिला होता ना? मग खलाशी कशाला हवेत? हवेतच! देव खलाशांच्या हातांनीही वाचवतो. म्हणून प्रार्थना करा आणि डॉक्टरकडेही जा. मन फार खचलं असेल तर पाळकांशी बोला, समुपदेशकाकडे जा. तो विश्वासाचा अभाव नाही.

आणि मग पौल सांगतो, जेवा. चौदा दिवस कोणी धड खाल्लं नव्हतं. तो सगळ्यांसमोर भाकर घेतो, देवाचे आभार मानतो, मोडतो आणि खायला लागतो. वादळ अजून चालूच आहे हं. २७६ माणसं होती, सगळ्यांना धीर आला. कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, पण सगळे मिलिता बेटावर पोहोचले. म्हणजे आजचं माल्टा.

तिथेही काय झालं? पौल शेकोटीसाठी काटक्या टाकत होता, तर साप हाताला डसला. लोक म्हणाले, हा नक्की खुनी असणार. आमच्या घरीही काही जण येऊन म्हणाले, "काहीतरी पाप असेल." तुम्हाला कोणी असं बोललं तर पौलाने काय केलं ते आठवा. त्याने साप विस्तवात झटकला आणि पुढे जाऊन त्याच बेटावरच्या आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली.

आपल्याच मातीतलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. आई-वडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गेले. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले, तेव्हा वय २३ आणि पदरी छोटी मनोरमा. ख्रिस्ताला ओळखल्यावर दुःख संपलं का? नाही. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या शेकडो मुलींना घर मिळालं, आणि रमाबाई शेवटपर्यंत मराठी बायबलच्या भाषांतराचं काम करत राहिल्या.

माझे पप्पा आता काठी घेऊन चालतात. उजवा हात अजून उचलत नाही. मला दुसरी नोकरी लागली, पगार कमी आहे. "का" याचं उत्तर मला मिळालेलं नाही. पण त्या रात्रींमध्ये देव आमच्या घरातून निघून गेला नव्हता, एवढं मी खात्रीने सांगतो.

या आठवड्यात एवढंच करा. एका माणसाला खरी परिस्थिती सांगा. आणि रोज एक वेळचं जेवण आभार मानून, मोबाईल बाजूला ठेवून, पोटभर जेवा.

चला, प्रार्थना करूया. हे स्वर्गीय पित्या, ज्यांना आज तारे दिसत नाहीत त्यांच्याजवळ उभा राहा. त्यांना आजची भाकर दे, मदतीचे हात दे, आणि किनाऱ्यापर्यंत धरून ठेव. येशूच्या नावात मागतो, आमेन.